त्या रात्रीचे उरलेले चौघे

आमच्या जुन्या रॉकवाल्या दोस्तांमध्ये गेले आठ दिवस एकच भांडण चाललंय. एकाने डीप पर्पल ह्या इंग्लिश रॉक बँडच्या बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला, ९ नोव्हेंबर १९९३ चा, आणि खाली एवढंच लिहिलं: 'ह्याला म्हणतात मूड.' तेव्हापासून कुणाला चैन नाही. मीही उत्तरादाखल चार ओळी लिहायला बसलो. त्या आवरेनात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. कार्यक्रमाची सुरुवात 'हायवे स्टार'ने. ड्रम्स सुरू झालेत, बेस सुरू झालाय, ऑर्गन सुरू झालंय, गायक माईकपाशी आलाय. गिटारवाला मात्र नाही. रिची ब्लॅकमोर स्टेजवर आलेलाच नाही. गाणं त्याच्यावाचून पुढे निघतं. कडवी होतात, ऑर्गनचा सोलो होऊन जातो, आणि गिटारच्या सोलोची जागा येते तेव्हा तो येतो. वाजवतो. मग त्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे जातं, आणि कॅमेरावाल्याच्या दिशेने तो पाणी भिरकावतो. हजारो लोक तिकीट काढून समोर उभे आहेत, आणि हे सगळं पहिल्याच गाण्यात.

आमच्यातले अर्धे म्हणतात, तो ब्लॅकमोर आहे, त्याचा राग हाच त्याच्या गिटारचा जाळ आहे, राग काढून घेतला तर उरेल काय? बाकीचे म्हणतात, हा प्रेक्षकांचा अपमान आहे, कितीही मोठा असला म्हणून काय झालं. दोन्ही बाजूंचं मी मन लावून वाचलं. मला खटकतंय ते वेगळंच. दोन्ही बाजू बघतायत ब्लॅकमोरकडेच. त्या पाच मिनिटांत स्टेजवर आणखी चार माणसं होती, आणि त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

मी तबलावाला आहे. मिरजेत वाढलो. तंबोऱ्याच्या भोपळ्यांच्या राशी बघतच शाळेत गेलो. तीसेक वर्षं साथ करतोय. रॉक माझ्या आयुष्यात आलं ते दादामुळे. तो मुंबईला नोकरीला लागला आणि पहिल्या दिवाळीला येताना काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून डीप पर्पलच्या 'मेड इन जपान' ह्या लाइव्ह रेकॉर्डची कॅसेट घेऊन आला. मला म्हणाला, 'हा ड्रमर ऐक, मग आपण बोलू.' मी ऐकला. आता मी ही बँड ऐकतो ती त्या ड्रमरच्या, इयान पेसच्या बाजूने. डावखुरा माणूस. बँडमध्ये किती जण आले, किती गेले, पण पहिल्या दिवसापासून आजवर प्रत्येक संचात असलेला तो एकटाच.

'मेड इन जपान'ची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण मूड मूड म्हणून जे चाललंय त्याचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. ऑगस्ट १९७२. १५ आणि १६ तारखेला ओसाकाचं फेस्टिव्हल हॉल, १७ ला टोकियोचं बुडोकान. लाइव्ह रेकॉर्ड काढायची हौस बँडला नव्हतीच, आग्रह जपानी कंपनीचा. गायक इयान गिलन नुकताच छातीच्या दुखण्यातून उठला होता आणि आपला आवाज लागत नाही अशी त्याची खात्री होती. गिलन आणि ब्लॅकमोर यांचं तेव्हाच फारसं जमत नव्हतं. त्याच वर्षाच्या अखेरीस गिलनने राजीनाम्याचं पत्र दिलं आणि जून १९७३ च्या शेवटी ओसाकातच कार्यक्रम करून तो बाहेर पडला. म्हणजे ज्या शहरात हे ध्वनिमुद्रण झालं, त्याच शहरात वर्षाच्या आत पाच जणांचा तो संसार मोडला. पुढे तो पुन्हा जुळला, म्हणूनच बर्मिंगहॅमला हेच पाच जण होते.

आता ह्याच दोघांचं त्या रेकॉर्डवरचं 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' काढा. गाणं मध्यावर येतं, बँड आवाज खाली आणते, आणि गिटार आणि गळा यांचे सवाल-जवाब सुरू होतात. ब्लॅकमोर एक तुकडा टाकतो, गिलन तो गळ्याने परत करतो. ब्लॅकमोर पुढचा टाकतो, जरा अवघड. गिलन तोही घेतो. पुढे पुढे तर कोण कुणाला कोड्यात टाकतंय तेच कळेनासं होतं, आणि शेवटी गिलन एक लांबच लांब किंकाळी सोडतो. तमाशाच्या फडात रात्र चढल्यावर दोन शाहीर समोरासमोर भिडायचे त्याची आठवण यावी, असं. भिडायचं, पण समोरच्याचा शब्द पुरता कानात साठवून घेतल्याशिवाय जवाब द्यायचा नाही. ऐकलंच नाही तर जवाब कसला देणार?

मला म्हणायचंय ते हेच. त्या दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नसेल, त्यांच्या खोल्या वेगळ्या असतील, गाड्या वेगळ्या असतील. पण त्या क्षणी ते एकमेकांना ऐकत होते. मूड म्हणजे मनात राग आहे की आनंद, एवढाच विषय नाही. रागातही माणूस ऐकू शकतो. बर्मिंगहॅमला तो राग होता म्हणून मला वाईट वाटत नाही. त्या रात्री एकाने ऐकणं सोडलं, ह्याचं वाईट वाटतं.

कॅलिफोर्निया जॅम ह्या रॉक महोत्सवाचा दाखला तर हमखास दिला जातो. ६ एप्रिल १९७४, कॅलिफोर्नियातल्या ऑन्टारियोचं मोटर स्पीडवे, दोन लाखांच्या वर माणूस, एबीसी वाहिनीचे कॅमेरे लागलेले. कार्यक्रम वेळेच्या पुढे चालला होता. आपण स्टेजवर जायचं ते सूर्य मावळताना, असं ठरलेलं असल्यामुळे ब्लॅकमोर अडून बसला. शेवटी गेला, आणि कार्यक्रमाच्या शेवटाला त्याने गिटारचं टोक कॅमेऱ्यात घुसवलं. मग पेट्रोल ओतून ठेवलेल्या ॲम्पचा, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीचा, असा स्फोट झाला की स्टेजवर आगीचा लोळ उठला. हा तुकडा लोक अजून डोळे विस्फारून बघतात. मीही विशीत असाच बघायचो, खोटं कशाला बोलू.

आता बघतो तेव्हा नवा गायक डेव्हिड कव्हरडेल दिसतो. बावीस वर्षांचा पोरगा. वर्षभरापूर्वी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका गावात कपड्यांच्या दुकानात काम करत होता. गिलनच्या जागी उभा राहायचं, तेही दोन लाखांपुढे, आणि आपला गिटारवाला बाहेर येणार की नाही हे माहीत नाही. त्या पोराच्या पोटात काय झालं असेल! शेजारी बेसवाला ग्लेन ह्यूज, तोही नवाच. मागे पेस, ज्याच्यापासून काही पावलांवर तो स्फोट झाला. आणि तो कॅमेरावाला. पगारावर आलेला माणूस, सांगितलं तिथे उभा राहिलेला. गिटारचं टोक त्याच्या तोंडासमोर आलं तेव्हा त्याला वाटलं असेल का, की हे बंड आहे?

मला हे दिसतं, कारण मी त्या बाजूला बसलोय. एकदा सांगतो आणि सोडून देतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची गणेशोत्सवातली मैफल. गायक नामांकित, नाव सांगणार नाही. त्यांचं संयोजकांशी काहीतरी बिनसलं होतं, त्यात माईक शिट्टी मारत होता. विलंबित संपलं, मध्यलयीची बंदिश सुरू झाली, आणि तिसऱ्या आवर्तनात ते थांबले. माझ्याकडे वळले आणि माईकवरूनच म्हणाले, 'ठेका धरता येत नसेल तर तसं सांगा.' लय त्यांनीच दिलेली होती, मी केसभरही हललो नव्हतो. समोरून दोघं-तिघं 'वा!' म्हणाले. त्यांना वाटलं, काय शिस्त आहे. माझे हात गार पडले. शेजारी पेटीवाले काका होते. त्यांनी मान वर केली नाही, सा धरून ठेवला आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, 'चल, समेवर भेटू.' मी उचललं. पुढचा दीड तास आम्ही दोघांनी त्या गायकाला काही कमी पडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गावात चर्चा कसली? बुवांचा स्वभाव कडक, पण गाणं काय रंगलं!

म्हणून बर्मिंगहॅमचा तो व्हिडिओ लागला की मी पेस आणि ऑर्गनवाला जॉन लॉर्ड यांच्यावरून नजर काढत नाही. मित्रांनो, गिटारशिवाय 'हायवे स्टार' वाजवणं म्हणजे काय हे जरा समजून घ्या. ते गाणं गिटारच्या धावेवर बांधलंय. ती काढली तर गाणं कोसळायला पाहिजे. ते कोसळत नाही, त्याचं एक कारण लॉर्डच्या वाद्यात आहे. तो आपलं हॅमंड ऑर्गन गिटारसाठी बनवलेल्या मार्शल ॲम्पमधून वाजवायचा, त्यामुळे त्याच्या ऑर्गनला चर्चमधल्यासारखा गोडवा नाही, गुरगुर आहे. ब्लॅकमोरच्या शेजारी उभं राहून ऐकू यायचं तर असंच वाजवावं लागेल म्हणून वीस-पंचवीस वर्षांपूर्वी त्याने हा आवाज शोधला होता. त्या रात्री तोच आवाज ब्लॅकमोरची रिकामी जागा भरायला कामी आला. खाली रॉजर ग्लोव्हरचा बेस. मागे पेस, ज्याने लय तसूभर ढळू दिली नाही. पुढे गिलन, ज्याला माहीत आहे की हे सगळं मुळात आपल्याशी असलेल्या वैरातून चाललंय, तरी तो शब्द न चुकता गातोय.

मला विचाराल तर त्या कार्यक्रमातला सगळ्यात मोठा वादनाचा प्रसंग हाच. चौघांनी पाचव्याची जागा मोकळी ठेवून गाणं तोलून धरलं, आणि तो आला तेव्हा त्याच्या सोलोसाठी सतरंजी अंथरलेलीच होती. त्यांनी त्याला शिक्षा म्हणून लय पळवली नाही, पाडला नाही. साथ ह्यालाच म्हणतात.

आणि ह्या चौघांना त्या रात्रीची आठवण किती सलत होती हेही ऐका. २००७ साली त्या कार्यक्रमाची सीडी नव्याने बाजारात आली, तेव्हा गिलनने स्वतः चाहत्यांना सांगितलं की ती विकत घेऊ नका. तो आपल्या आयुष्यातल्या अगदी वाईट काळांपैकी एक होता, असं तो म्हणाला. कंपनीने ती सीडी मागे घेतली. चौदा वर्षांनंतरही! आपण ज्याला 'काय तो जाळ' म्हणून पुन्हा पुन्हा बघतो, ती कुणाची तरी जखम आहे.

ब्लॅकमोरवर अन्याय करायचा नाहीये मला. त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं पुष्कळ आहे. कॅमेरा माझ्या आणि प्रेक्षकांच्या मध्ये येता कामा नये, हा त्याचा आग्रह मला मनापासून पटतो. आज कुठल्याही मैफलीत पुढच्या चार रांगांतले मोबाइल बघितले की तो आग्रह आणखीच पटतो. त्याच बर्मिंगहॅमच्या रात्री पुढे त्याने काही ठिकाणी असं काही हळुवार वाजवलंय की गळा दाटून येतो. आणि मन नसताना नुसतं उभं राहायचं नाही, हा बाणा त्याने निभावलाही. आठच दिवसांनी, १७ नोव्हेंबरला हेलसिंकीला त्याने शेवटचा कार्यक्रम केला आणि तो कायमचा निघून गेला. पुढे तो जुन्या युरोपीय दरबारी संगीताकडे वळला आणि तिथे रमला. हे निघून जाणं मला पाणी फेकण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतं. पटत नाही, तर जा. पण आलास, तर बाकीच्यांना ऐक.

जाताना डिसेंबरचा जपान दौरा मध्येच लटकला. तिकिटं विकली गेलेली. तिथे जो सॅट्रियानी हा गिटारवाला धावून आला आणि त्याने दौरा पार पाडला. पुढच्या वर्षी गिटारला स्टीव्ह मोर्स आला आणि पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं राहिला. ब्लॅकमोरशिवाय डीप पर्पल म्हणजे मीठ नसलेली आमटी, असं आमच्यातला एक जण ठासून म्हणतो. मी त्याच्याशी ह्यावर कधीच सहमत होणार नाही, पण तो वाद वेगळा.

एक गोष्ट मात्र मला ह्या सगळ्यात फार जवळची वाटते. डीप पर्पलचं 'चाइल्ड इन टाइम' हे गाणं माहीत आहे ना? त्यातली ऑर्गनची ती संथ सुरावट मुळात सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्युटिफुल डे' ह्या बँडच्या एका रचनेवरून घेतलेली आहे, आणि १९६९ च्या त्या रचनेचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. लॉर्डने तिची लय उतरवली आणि ती वेगळीच होऊन बसली. आणि १९९५ साली, मोर्सला घेऊन, ही बँड खरोखरच मुंबईत आली. त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पुढे 'बॉम्बे कॉलिंग' ह्याच नावाने निघाला. बर्मिंगहॅमनंतर दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं. तेच चौघे, आणि गिटारवर नवा माणूस.

मी गेलो नव्हतो. दादा गेला होता. रात्री उशिरा त्याने शेजारच्यांकडे फोन केला, मला झोपेतून उठवून बोलावलं, आणि त्याला धड बोलताच येईना. नुसतं म्हणत राहिला, 'अरे, पेस समोर होता रे माझ्या.' दादा आता नाही. त्याला मी नीट काही विचारलंच नाही. तेव्हा मलाही गिटारचंच कौतुक होतं, मी मोर्स कसा वाजवतो तेवढंच विचारलं.

तर ही पोस्ट वाचणाऱ्यांत त्या मुंबईच्या कार्यक्रमाला गेलेलं कुणी असेल, तर खाली जरूर लिहा. व्हिडिओ मी पाहिलाय, पण कॅमेरा नेहमी गाणाऱ्याकडे आणि गिटारकडेच जातो. पेस आणि लॉर्ड वाजवताना एकमेकांकडे बघत होते का, तेवढं सांगा.