गॅस गिझर बाथरूममध्ये ‘बिनधास्त लावा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

थंडी पडली की नागपुरात एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला, भाचीच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि दोन गिऱ्हाइकांनी मोबाइल पुढे करून विचारलं, "भाऊ, हे बरोबर आहे ना?" मेसेज थोडक्यात असा: गॅस गिझर बाथरूममध्येच लावा, पाण्याची लाइन कमी लागते. खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा असला की पुरे. गॅस गळला तर वास येतोच. ज्योत निळी असेल तर विषारी वायू होत नाही. धुराचा पाइप हा बिल वाढवायला काढलेला खर्च आहे. आणि शेवटी, आम्ही दहा वर्षं वापरतो, काही झालं नाही.

मी एकोणीस वर्षं गॅसच्या शेगड्या आणि गिझर दुरुस्त करतो. हा मेसेज वाचला की जीव खालीवर होतो. यातलं एकेक वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं, आणि त्यावर विसंबून लोक लेकरांना आंघोळीला पाठवतात.

वासापासून सुरू करतो, कारण घरोघरी सगळा भरवसा त्याच्यावरच असतो. एलपीजीला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. गळलेला गॅस वासाने कळतो, हे खरं आहे. तो वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा. पण गिझरमुळे बाथरूममध्ये माणसं बेशुद्ध पडतात, ती गळलेल्या गॅसमुळे नाही. ती जळलेल्या गॅसमुळे पडतात. गॅस जळतो तेव्हा त्याच्यासोबत मरकॅप्टनही जळून जातं. मागे उरतात कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड. या शेवटच्या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्टपणे या वायूला धरून ठेवतं, म्हणजे श्वास चालू असतो आणि शरीर मात्र ऑक्सिजनवाचून तडफडत असतं. हवेत हा वायू ०.१६ टक्के झाला तर वीस मिनिटांत डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. १.२८ टक्के झाला तर दोन-तीन श्वासांत शुद्ध जाते. नाकावर विसंबून यातलं काहीही कळत नाही.

आता खिडकीचा आणि पंख्याचा मुद्दा. इथे थोडा हिशोब करावा लागेल.

मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण चालला तर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. स्वयंपाकघरातल्या शेगडीचे पाच-सहा मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखं आहे हे. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीला दोन घनमीटर. आपल्या फ्लॅटमधलं चार बाय सहा फुटांचं, आठ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे साडेपाच घनमीटरसुद्धा नाही. एका आंघोळीत खोलीतल्या एक तृतीयांशापेक्षा जास्त हवेतला ऑक्सिजन ज्योतीने खाल्ला, आणि जळालेला वायू त्याच खोलीत राहिला. ऑक्सिजन घटला की ज्योत अर्धवट जळते. अर्धवट जळली की मोनॉक्साइड वाढतो. त्यात घरात चौघं असतील आणि शाळा-ऑफिसच्या घाईत एकामागून एक आंघोळ करत असतील, तर तिसऱ्या-चौथ्याच्या वाट्याला आधीच्यांनी वापरलेली हवा येते. बहुतेक घरांत शेवटी जाते ती घरातली बाई.

"पण भाऊ, खिडकी हाय ना!" हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. खिडकी आहे, पण ती डिसेंबरात उघडी असते का? २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचं तापमान ३.५ अंशांवर आलं होतं. तसल्या पहाटे ओल्या अंगाने कोण खिडकी उघडी ठेवेल? मी घरोघरी जातो तेव्हा काय पाहतो ते सांगतो. काचेच्या पट्ट्यांमध्ये जुनी वर्तमानपत्रं कोंबलेली. झरोक्याला थर्माकोल. दाराखालच्या फटीला पोतं. खोलीत उन्हाळ्यात जिथे कूलर बसतो, ती जागाही पुठ्ठा लावून बंद केलेली, म्हणजे बाथरूमकडे हवा यायचा उरलासुरला मार्गही गेला. ज्या दिवशी गिझर सगळ्यात जास्त चालतो, त्याच दिवशी घर सगळ्यात जास्त बंद असतं. उघडी ‘ठेवता येते’ अशी खिडकी हवेच्या हिशोबात धरायचीच नाही. जी झडप किंवा जाळी कुणालाही बंद करता येत नाही, तीच धरायची.

एक्झॉस्ट पंख्याने तर काही वेळा उलटंच होतं. नैसर्गिक ओढीचा धुराचा पाइप चालतो तो फक्त गरम वायू हलका असतो म्हणून. मीटर-दोन मीटरच्या पाइपात ही ओढ इतकी नाजूक असते की पाण्याच्या एका मिलिमीटर उंचीच्या दाबाएवढीही भरत नाही. बंद खोलीत पंखा लावला आणि बाहेरून हवा यायला जागा नसली, तर पंखा मिळेल तिथून हवा खेचतो, आणि त्याला मिळणारा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे तोच धुराचा पाइप. बाहेर जाणारा वायू उलटा आत येतो. स्वयंपाकघरातल्या चिमणीनेही हेच होऊ शकतं. म्हणून गिझर कुठेही असो, हे तपासून बघा: सगळी दारं-खिडक्या लावा, घरातले पंखे आणि चिमणी चालू करा, गिझर पाच मिनिटं चालवा आणि पेटलेली उदबत्ती गिझरच्या वरच्या टोपीच्या कडेशी धरा. धूर आत ओढला गेला तर ओढ बरोबर आहे. धूर तोंडावर आला तर गिझर त्याच क्षणी बंद करा आणि मिस्त्री येईपर्यंत चालू करू नका.

माझी भाची मानेवाड्याला दोन मैत्रिणींसोबत भाड्याने राहायची. बाथरूममध्ये गिझर, वर धुराचा पाइप नाही, झरोक्याला पुठ्ठा. लावणाऱ्याने सांगितलं होतं, काही होत नाही. जानेवारीतल्या एका सकाळी दोघींच्या आंघोळी झाल्यावर ती गेली. नळ वाहत होता आणि आतून आवाज नव्हता, एवढ्यावरून मैत्रिणीला शंका आली. शेजारच्या काकांनी दार तोडलं. नंतर भाची म्हणाली, "मामा, मला कळत होतं काहीतरी चुकतंय, पण पाय उचलेनात, कडीपर्यंत हात पोचेना." दवाखान्यात बोटाला लावलेल्या क्लिपवर ९८ दिसत होतं. सगळे म्हणाले, ऑक्सिजन तर चांगला आहे, पित्त झालं असेल. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी गॅसचा गिझर आहे का, आणि रक्त तपासायला पाठवलं. ती वाचली. पण पुढचे कित्येक आठवडे ती पोरगी रोजची नावं विसरायची, हिशोब करताना अडखळायची. मेंदूच्या डॉक्टरांच्या लिखाणात या प्रकाराला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नावच आहे, इतक्यांदा आपल्या देशात हे घडलंय. माझ्याच धंद्यातल्या माणसाने तो गिझर तिथे टांगला होता, हे मला अजून सहन होत नाही.

निळ्या ज्योतीचं थोडक्यात सांगतो. पिवळी ज्योत धोक्याची खूण आहे, हे बरोबर. पण निळी म्हणजे निर्धोक, हे चूक. गिझरच्या आत पाण्याच्या नळीभोवती तांबे धातूचे पत्रे असतात; ज्योत त्या थंड पत्र्यांना भिडली तर तिथे विझते आणि जळणं अर्धवट राहतं, रंग निळा दिसला तरी. पत्र्यांच्या फटींत काजळी आणि धूळ बसली की वायूची वाट अडते आणि मोनॉक्साइड वाढतो. म्हणून दर वर्षी थंडीआधी गिझर उघडून साफ करायचा असतो. बाहेरून पुसून काही होत नाही.

आता धुराच्या पाइपाबद्दल, ज्याला मेसेज बिल वाढवायचा डाव म्हणतो. ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांप्रमाणे बाथरूममध्ये खोलीतली हवा वापरणारं गॅसचं उपकरण बसवताच येत नाही. तिथे चालतं ते फक्त ‘रूम-सील्ड’, म्हणजे ज्याची पेटी बंद असते आणि जे हवा बाहेरून घेऊन वायू बाहेरच सोडतं. वायू पंख्याने बाहेर ढकलणाऱ्या बॉयलरच्या (तिथलं घरातलं पाणी तापवायचं उपकरण) पाइपाचं तोंडही उघडणाऱ्या खिडकीपासून किमान ३०० मिलिमीटर दूर ठेवावं लागतं. तिथली थंडी आपल्यापेक्षा किती कडक, तरी त्यांनी ही सूट दिलेली नाही. आपल्याकडे बाजारात स्वस्त मिळणारे बहुतेक गिझर पाइपाविनाच असतात, म्हणजे जळलेला वायू थेट खोलीत सोडणारे. माझ्या हातून गेलेल्या पुस्तिकांमध्ये बाथरूममध्ये लावू नका असं छापलेलं असतं. खोक्यातून ती पुस्तिका कुणी बाहेरच काढत नाही.

मग लावायचा कुठे? उघड्या बाल्कनीत किंवा मागच्या मोकळ्या गॅलरीत, आणि गरम पाण्याची लाइन बाथरूमपर्यंत न्यायची. पाइपाचे दहा-पंधरा फूट वाढतील, तेवढे वाढू द्या. काचा लावून बंद केलेली बाल्कनी मोकळी नव्हे. फ्लॅटच्या डक्टमध्येही लावू नका. मनीषनगर, बेसा भागातल्या नव्या इमारतींत हे मी वारंवार पाहतो. त्या डक्टमध्ये वरच्या सगळ्या मजल्यांच्या बाथरूमचे झरोके उघडतात, म्हणजे आपला वायू आपण वरच्यांच्या घरात सोडतो, आणि त्या घरात गिझर विजेचा असला तरी त्यांना काहीच कळणार नाही.

घराच्या आतच लावावा लागला, तर धुराच्या पाइपाचा गिझर घ्या आणि पाइप नीट बसवून घ्या. पाइप धातूचा हवा. चार इंची पीव्हीसी पाइप जोडून मोकळे झालेले मिस्त्री मी पाहिलेत. तो पाइप उष्णतेने मऊ पडतो, सांधा सुटतो आणि छताजवळ कुणाला दिसतही नाही. गिझरच्या तोंडापेक्षा पाइप बारीक करायचा नाही. नैसर्गिक ओढीचा असेल तर गिझरवर आधी किमान दोन फूट सरळ उभा जाऊ द्यायचा आणि मग वळवायचा. आडवा भाग बाहेरच्या बाजूला चढता ठेवायचा. कोपरे जितके कमी तितके बरे. वायू पंख्याने बाहेर ढकलणाऱ्या गिझरच्या पाइपाचा उतार वेगळा असतो, तो पुस्तिकेत दिलेला असतो तसाच ठेवायचा. बाहेरचं तोंड मोकळ्या हवेत हवं. खिडकी, झरोका आणि कूलरची जागा यांच्यापासून दूर. हिवाळ्यात कूलर बंद असला तरी त्याच्या वाळ्यातून वारा आत येतच असतो. तोंडावर जाळी हवीच, नाहीतर कबुतरं घरटं करतात, आणि जाळी असली तरी कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. उन्हाळा-पावसाळा गिझर बंद राहतो, तेवढ्या महिन्यांत पाइप पुरता बुजू शकतो. दिवाळीनंतर पहिल्यांदा पेटवण्याआधी तोंडात टॉर्च मारून बघा.

बाहेर जागा नाही आणि पाइपही काढता येत नाही, अशा घरांना मी स्वतः विजेचा गिझर घ्यायला सांगतो. गिऱ्हाईक जातं, बिलही जास्त येतं, पण त्यात जळणारं काही नसतं. नागपूरच्या उन्हात गच्ची मिळत असेल तर सोलर आणखी चांगला.

राहिलं ते दहा वर्षांचं. दहा वर्षं झरोका उघडा होता, पत्रे स्वच्छ होते, आंघोळी लांबल्या नव्हत्या. यांतलं एक बदललं की दहा वर्षांचा हिशोब संपतो. शिवाय आंघोळीनंतरची डोकेदुखी, गरगरणं, मळमळ कितीजणांनी पित्त किंवा बीपी म्हणून सोडून दिली असेल, ते त्या दहा वर्षांत मोजलेलंच नसतं. घरातल्या दोघातिघांना आंघोळीनंतर असं होत असेल, आणि घराबाहेर गेल्यावर बरं वाटत असेल, तर गिझरकडे बघा.

आणि एवढं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, लहानांनाही. आतून उत्तर आलं नाही तर दार तोडा. आत जाताना श्वास रोखा, गिझर आणि सिलेंडर बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत ओढून आणा, १०८ ला फोन करा. दवाखान्यात पोचताच पहिलं वाक्य हेच बोला की घरात गॅसचा गिझर चालू होता. बोटाची क्लिप मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही ऑक्सिजनचं समजते आणि ९८ दाखवते. तो आकडा बघून कुणी घरी पाठवत असेल तर निघू नका. रक्तातल्या मोनॉक्साइडची तपासणी करायला सांगा आणि तोपर्यंत मास्कने पूर्ण ऑक्सिजन द्यायची विनंती करा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर दीड तासाच्या आत होतो.