शिमल्याचे फोटो अन आपला घाट

बंड्या शिमल्याहून आला तेव्हापासून नागपूरच्या कडबी चौकातल्या टपरीवर दुसरा विषय नाही. परवा तर्री-पोह्याची प्लेट हातात यायच्या आधीच त्यानं मोबाईल काढला. "पाह्य न बे! 102 बोगदे! काचेचं छत! अशी गाडी आपल्याकडे जन्मात पाह्यली का?"

रेल्वेतून रिटायर झालेले काका चहा फुंकत म्हणाले, "तुझ्या शिमल्याच्या रुळांमधलं अंतर किती बे?"

बंड्या गप्प.

"762 मिलीमीटर. अन आपल्या छिंदवाड्याच्या छोट्या गाडीचं? तेवढंच. तिले 2008 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून डोक्यावर घेतलं, आपलीले 2015 मध्ये आपण बंद केलं. तू तिकीट काढून जे पाहून आला, ते इथं आपल्या इतवारी स्टेशनाहून सुटत होतं बाप्पा."

मनोहर त्याच लाईनीवरच्या सावनेरचा. त्याला हे पटेना, अन त्याचं सगळंच काही चूक नव्हतं. "काका, तुम्ही हौसेनं बसत होते. माझा बाप दवाखान्यासाठी बसे. तिच्या जागी रुंद रुळांचं ब्रॉडगेज नको होतं का आमाले?"

"पाह्यजेच होतं. पण घाटातला जुना तुकडा तेवढा ठेवला असता तर कोणाचं काय गेलं असतं? निलगिरीची गाडी पाह्य. मेट्टुपालयम ते उटी, 46 किलोमीटर. कल्लारपासून कुन्नूरपर्यंत रुळांच्या मधात दातेरी पट्टी, अन इंजिन मागून ढकलते. बस तिच्या कितीतरी आधी पोचते. म्हणून कोणी ती उखडली का?"

मला काकांचंच पटतं. रामाकोना सोडून गाडी घाटाला लागली की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांवर आपटत. खिडकीतून हात काढला की सागाची ओली पानं हाताला लागत. कुकडीखापाच्या आसपास अख्खा डबा एका बाजूला सरके, धबधबा पाहायला. नव्या गाडीत बसलो आहे मी. चांगली आहे, वेळेत नेते. पण सागाचं पान हाताला लागत नाही, अन माझ्या पोरीला ते कधी लागणारही नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

काका तोवर दार्जिलिंगला पोचले होते. "1881 ची गाडी. चढावर चाक घसरू नये म्हणून इंजिनाच्या पुढे माणसं बसतात अन रुळावर वाळू टाकतात. आजही."

"तिथं प्लॉटचा काय रेट हाय?" बंड्यानं विचारलं.

"झालं याचं सुरू!" मनोहर उसळला. "सौंसरचा प्लॉट दाखवतो म्हणून आपल्या छोट्या गाडीनं नेलं होतं यानं आमाले. प्लॉट म्हणजे नाला निघाला. वरून माझे तिकिटाचे पैसे अजून दिले नाहीत."

"तो नाला पावसाळ्यातच राह्यते बे!"

"अन पुढं घाट पाहू म्हणे. घाटात गाडी हळू झाली तर हा सीताफळं तोडाले उतरला. गाडी निघाली. एका पायात चप्पल, शर्टाच्या ओच्यात सीताफळं, असा मागं धावत होता."

"पकडली न पण!" बंड्या छाती काढून म्हणाला.

"तेच तर म्हणून राह्यलो न मी! बंड्याले धावून पकडता येते, तिले गाडी म्हणाव का?"

काकांना असा ठसका लागला की अर्धा चहा पोह्यांवर सांडला.