डीपी हवी, पण तिकडे

वाघोलीत फ्लॅट घेतला तेव्हा बाल्कनीतून ज्वारी दिसायची. आता समोरच्या टॉवरमधल्या काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. 2021 साली गाव पुणे महापालिकेत गेलं आणि आम्ही कागदोपत्री शहरवासी झालो. डीपी तेवढी गावातच राहिली.

ही आमची डीपी म्हणजे कोपऱ्यावरचा 200 केव्हीएचा, म्हणजे जेमतेम तेवढेच किलोवॅट पेलणारा ट्रान्सफॉर्मर. बसवला तेव्हा अंगावर पंखे, टीव्ही आणि एखादं गिझर. दीड टनाचा एक एसी साधारण दीड किलोवॅट ओढतो. असे सव्वाशे एकदम लागले की मोबाइल चार्जरलासुद्धा जागा उरत नाही. एप्रिलात रात्री साडेदहाला नेमकं तेच होतं. आधी ट्यूब डोळे मिचकावते, पंखा सुस्कारे टाकतो, मग कोपऱ्यावरून 'फट्' आणि दीडशे घरांतून एका सुरात 'गेली!' पुढच्या क्षणी सगळे बाल्कनीत. समोरच्यांचीही गेली असेल तर जिवाला बरं वाटतं. फक्त आपलीच गेली असेल तर अपमान.

डीपीच्या पेटीचं दार सुतळीने बांधलेलं आहे. वायरमन ती सोडतो, दातात धरतो आणि जळका फ्यूज उपसतो. मोबाइलचा टॉर्च धरायचं काम माझं. माझ्या मागे दहाबारा तज्ज्ञ.

"दादा, जरा जाड तार टाका की!"

"काका, तार जाड टाकली तर डीपी जळंल. बोला, काय जाळू?"

अखेर 315 केव्हीएची दुसरी डीपी मंजूर झाली. पेढे वाटायचेच राहिले होते, तेवढ्यात सभेत कुणीतरी विचारलं, "पण बसवायची कुठे?" ए विंगसमोर मुलं खेळतात. बी विंगला स्फोटाची भीती. सी विंगच्या आजोबांनी अग्नीची जागा आग्नेयेला असते असं शास्त्र काढलं; आग्नेयेला डी विंगचं गेट आहे हा निव्वळ योगायोग. एका निवृत्त इंजिनिअरांनी परोपरीने सांगितलं, "डीपी लांब नेली की व्होल्टेज तारेतच जिरणार. तुमच्या घरात पोचेपर्यंत उरेल काय?" त्यांना चहा दिला आणि हरकतीचा अर्ज लिहायचं ठरलं. माझं मराठी बरं म्हणून लिहायला मी. शिवाय सुचवलेली जागा माझ्या बेडरूमखालीच होती.

'सदर ट्रान्सफॉर्मर अन्यत्र हलवावा' इथपर्यंत टाइप झालं आणि 'फट्'. वायफाय गेलं, अर्ज लटकला. मी सवयीने टॉर्च घेऊन खाली.

वायरमनने सुतळी दातातून काढली. "काका, नवी डीपी कधीची आलीय गोदामात. बसवत का नाहीत?"

"कुणीतरी हरकत घेतलीय म्हणे."

"लोकं पण ना!"

"हो ना," मी म्हणालो आणि टॉर्च आणखी जवळ धरला.