कुत्र्याची भीती: चाळीसगावच्या भाऊंना उत्तर

राम राम भाऊ,

कुत्र्याची भीती हा फोबिया, म्हणजे अवाजवी भीतीचा आजार, असू शकतो, यावर तुमचा आक्षेप असा: रात्रीची थ्री फेज लाईट आली की मळ्यात पाणी भरायला जाणाऱ्याच्या मागे चार कुत्री लागतात. तो घाबरला तर त्यात आजार कसला? आणि ज्याला रक्ताची तपासणी नाही, ते डॉक्टर ठरवणार कशावरून? शिवाय तुमच्या पुतण्याला घरचे आता ‘फोबियावाला’ म्हणून चिडवतात, याचा राग वेगळाच.

मळ्यात जाणारा तो माणूस आजारी नाही. रेबीजची लक्षणं सुरू झाली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. मोकाट टोळीला भिणं हा शहाणपणाच आहे. फोबियाच्या निदानाच्या निकषांतही हेच आहे: भीती प्रत्यक्ष धोक्याच्या आणि तिथल्या परिस्थितीच्या मानाने फार जास्त असली पाहिजे. म्हणजे तपासणाऱ्याला रावेर-यावलकडची रात्र आधी समजून घ्यावीच लागते. तसं न करता कोणी शिक्का मारला, तर तुमच्याइतकाच राग मलाही येईल.

आता पाचोऱ्याहून जळगावला अपडाऊन करणारी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. स्टेशनच्या वाटेवर एका दारात साखळीला बांधलेलं कुत्रं आहे. ती लांबच्या रस्त्याने जाते, गाडी चुकते, हळूहळू कॉलेज सुटतं. मोबाईलवर कुत्र्याचा फोटो दिसला तरी छाती धडधडते. तिला कुत्रं कधी चावलेलंही नसेल. हा फोबिया असू शकतो. अशी भीती बहुधा लहानपणीच धरते, कधी नुसतं दुसऱ्याला चावताना पाहून.

रक्ततपासणी नाही, हे खरं. अर्धशिशीचं निदानही मुख्यतः विचारपूस करूनच होतं. इथे विचारतात: दरवेळी असंच होतं का? कधीपासून? डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या २०१३ च्या अमेरिकी पुस्तिकेत साधारण ६ महिने किंवा जास्त काळाची अट आहे. माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न म्हणजे, तुम्ही काय काय टाळता? कारण कुत्रं समोर येणारच नाही अशी दिवसाची मांडणी केलेला माणूस ‘मी नाही भीत’ असं सहज सांगतो. मग बाजाराला कोण जातं, लग्नाला खेड्यावर मुक्काम करता का, असं आडून विचारावं लागतं. लहान मुलं तर सांगतच नाहीत. रडतात, आईला बिलगतात, जागीच थिजतात.

दुसरा आजार नाही ना, हेही पाहतात. चावल्यानंतर तो प्रसंग स्वप्नात येत राहिला, तर तो आघातानंतरचा ताण असू शकतो. लसीचे सगळे डोस होऊनही कोणी पुन्हा पुन्हा इंजेक्शन मागत असेल, दिवसभर हातपाय धूत असेल, तर मूळ भीती कुत्र्याची नसून रोगाची असते आणि उपचारही बदलतात.

पुतण्याचं निदान मी इथे बसून करणार नाही. पण ‘धरून कुत्र्यापुढे उभं केलं की सुधारेल’ असं तुम्ही लिहिलंय, ते कृपा करून करू नका. उपचारात कुत्र्याच्या जवळ नेतातच, पण भिणाऱ्याच्या संमतीने, पायरीपायरीने: आधी फोटो, मग लांबून, मग जवळून. जबरदस्तीने भीती आणखी घट्ट होऊ शकते. टेलि-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फोन पुतण्यालाच करू द्या. आणि घरच्यांना ते चिडवणं आजच बंद करायला सांगा.