चार ग्लास, भागिले पाच

आज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, मी मीटिंगमध्ये शहाण्यासारखा तोंड मिटून बसलेलो असताना, मित्रांच्या ग्रुपवर क्यूआर कोड आला. माझ्या एकट्यासाठी, पण सगळ्यांच्या देखत. खाली मजकूर: 'बाकी सगळ्यांचे आले, फक्त तुझे राहिलेत. 37 रु. हिशोब क्लिअर असलेला बरा.' पुढे जोडलेले हात.

सदतीस. चाळीस नाहीत, पस्तीस नाहीत. सदतीस!

कशाचे? तर जंजिऱ्याच्या सहलीत राजपुरीच्या जेट्टीवर प्यायलेल्या लिंबूसरबताचे. चार ग्लास, चाळीसप्रमाणे 160, पाण्याची एक बाटली 25, एकूण 185, भागिले 5. गणित अचूक आहे. पाठवणारा मित्र सीए आहे, गणित चुकेल कसं? फक्त ग्लास चार होते आणि माणसं पाच, एवढी बारीक गोष्ट साहेबांच्या नजरेतून सुटली. पाचवा ग्लास नव्हता, कारण पाचवा माणूस, म्हणजे मी, त्या वेळी टळटळीत उन्हात होडीच्या तिकिटांच्या रांगेत उभा होतो. पाचही जणांची तिकिटं काढायला. हे चौघं निळ्या ताडपत्रीखाली. तिथून सीएने मला ग्लास उंच करून दाखवला, 'हवंय का?' अशा अर्थी. मी मान हलवली. हो म्हणून. तो म्हणतो, तू नाही म्हणून हलवलीस. आता ह्यावर काय बोलणार? वीस वर्षांची मैत्री आहे, माझी मान कुठल्या दिशेला हलली की काय होतं, हे माणसाला कळू नये?

आणि ती 25 रुपयांची बाटली! तिच्यातलं पाणी आमच्यातल्या ड्रोनवाल्याने पायाची वाळू धुवायला संपवलं. दोन्ही पायांची. बोटांच्या बेचक्यांतली. म्हणजे त्याच्या पायधुणीचे पाच रुपये माझ्याकडून.

गाडी कुणाची होती, हे विचारू नका. ताम्हिणी घाट जाताना मी उतरवला, येताना मीच चढवला. पेट्रोल पाचांत वाटलं, मान्य. पण क्लचची झीज? कंबरेची झीज? 'डेप्रिसिएशन आपण मित्रांत धरत नाही रे,' हे वाक्य सीएच्याच तोंडचं. सरबत धरतो. आणि काल रात्रीपासून गाडीत असा काही वास सुटलाय की आज ऑफिसला चारही काचा खाली करून गेलो. कर्वे रोडच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या काकूंनी स्कार्फ नाकापर्यंत ओढला, तोही माझ्याकडे बघत.

मुळात जायचं ठरलं तेव्हा ग्रुपवर चौदा जण होते. 'मोहीम जंजिरा' असं नाव, डीपीला भगवा झेंडा, चौदाच्या चौदा जणांचे 'मी कन्फर्म'. नंतर एकाच्या सासूबाई आल्या, एकाच्या मुलाची स्कॉलरशिपची परीक्षा आली, दोघांची एकाच दिवशी पाठ धरली. उरलो पाच. सीए, ड्रोनवाला, आमची डॉक्टरीणबाई, आणि तो, ज्याला कॉलेजपासून आम्ही पाच मिनिट म्हणतो.

ठरलं होतं पहाटे पावणेसहाला, चांदणी चौकात. मी पाच वाजून पंचवीस मिनिटांनी हजर. डॉक्टरीणबाई नाइट ड्यूटी करून थेट आली आणि मागच्या सीटवर तोंडावर ओढणी घेऊन झोपली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. अख्ख्या सहलीत डोकं ठिकाणावर असलेली ती एकटीच, कारण बहुतेक वेळ ती झोपलेली होती. पाच मिनिटला सहाला फोन केला, 'निघालोच.' सव्वासहाला, 'अरे निघालोच म्हटलं ना!' मागे बादलीत नळाचं पाणी पडण्याचा स्पष्ट आवाज. सव्वासातला शेवटी निघाला आणि चौकात नवीन पूल झाल्यापासून तिथे जे पन्नास फाटे फुटलेत, त्यातल्या चुकीच्या फाट्याला लागून साहेब थेट बाणेरला पोचले. तिथून मला लोकेशन पाठवतो. मी काय करू त्या लोकेशनचं, फ्रेम करू? पावणेआठला उगवला आणि गाडीत बसता बसता म्हणतो काय, 'चला, उशीर होतोय.'

जंजिऱ्याच्या बाबतीत ही जुनीच रड आहे म्हणा. लाय पाटलांची गोष्ट सांगतात ना? त्या कोळी माणसाने रात्रीच्या अंधारात, सिद्दीच्या पहाऱ्याखाली, जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या आणि मोरोपंत पेशव्यांच्या माणसांची वाट बघत बसला. ती वेळेवर आलीच नाहीत. उजाडायला लागलं तशा शिड्या काढून परत. महाराजांनी त्याला पालखी देऊ केली, ती त्याने घेतली नाही, तेव्हा 'पालखी' नावाचं गलबत बांधून दिलं. चांदणी चौकात बॉनेटला टेकून उभ्या उभ्या मला लाय पाटलांची फार आठवण आली. पालखीचं सोडाच, मला कुणी चहासुद्धा विचारला नाही.

दहाला पोचायचं ते पाऊण वाजता पोचलो. पार्किंगची रांग, मग तिकिटाची रांग, जिचं सरबत वर येऊन गेलं, मग होडीची रांग. शिडाच्या होडीत बसलो आणि जरा कुठे वारा लागतो तोच शेजारच्या ग्रुपने ब्लूटूथ स्पीकर काढला. माणसं शिडाच्या होडीत बसतात ती शीड फडफडताना ऐकायला, असा माझा भाबडा समज. डीजे ऐकायचा तर गावात कुणाच्याही हळदीला जा की बाबांनो, जेवणसुद्धा फुकट मिळेल! मी 'जरा आवाज कमी करता का' म्हटलं, तर त्यातला एक आमच्या पाच मिनिटला म्हणाला, 'काका चिडले.' काका! आणि हा माझा मित्र, माझ्याच वयाचा, दात काढतोय.

पलीकडे दरवाजाशी होडी लाटेवर वरखाली होते, नावाडी दंडाला धरून पायऱ्यांवर फेकतो आणि बजावतो, 'पाऊण तास हां, मग होडी जाणार.' पाऊण तासात बघायचं काय काय? दरवाजाजवळचा तो पंजांत हत्ती धरलेला वाघ, कलालबांगडी, चावरी, लांडा कासम ह्या तोफा, समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव, बालेकिल्ला. ज्या किल्ल्यापर्यंत पोचायला संभाजी महाराजांनी 1682 साली समुद्रात भराव टाकायला घेतला, जो 1948 साली संस्थान विलीन होईपर्यंत सिद्दीच्याच हातात राहिला, त्याला आमच्या वाट्याची पंचेचाळीस मिनिटं. त्यातली वीस ड्रोनवाल्याने खाल्ली. पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय उडवता येत नाही, हे मी त्याला आठवडाभर आधी सांगितलं होतं. 'मॅनेज करतो' म्हणाला. ह्या 'मॅनेज करतो'चा मला इतका राग आहे ना! रखवालदाराशी त्याने वीस मिनिटं हुज्जत घातली, आम्ही चौघं शाळेबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखे बाजूला. ड्रोन काही उडाला नाही. ती चार किलोची पेटी मात्र किल्लाभर फिरली, निम्मा वेळ माझ्या खांद्यावर.

कलालबांगडीवर कोण बसलं होतं, विचारू नका मला. तटाच्या चुन्यात खिळ्याने बदाम कोरून आपलं आणि तिचं नाव लिहिणाऱ्यांबद्दलही आज बोलत नाही, रक्तदाबाची गोळी संपली आहे.

वरून शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग दिसत होता. म्हटलं, निदान ह्यांना एक गोष्ट सांगावी. पद्मदुर्गाला रसद वेळेवर पोचवली नाही म्हणून महाराजांनी 1675 साली जिवाजी विनायक सुभेदाराला जे झाडलंय, ते पत्र वाचण्यासारखं आहे. मी रंगात येऊन सांगतोय, आणि सीए विचारतो, 'रसदीवरून आठवलं, तो खाकऱ्याचा पुडा कोणी फोडला? तो माझा पर्सनल होता.'

मुक्कामाचं थोडक्यात सांगतो. मुरुडला 'सी व्ह्यू' खोली घेतली होती. खिडकीतून पाण्याची काळी टाकी दिसायची आणि टाकीच्या डाव्या अंगाने, मान वाकडी केली तर, समुद्र. सुरमई 'साइजप्रमाणे' होती. साइज ताटात दिसली नाही, बिलात दिसली.

ह्या लोकांबरोबर बेटावर जाऊ नये, हे मला कुलाबा किल्ल्यालाच कळायला हवं होतं. तेव्हाच्या सहलीत अलिबागला ओहोटी बघून चालत गेलो, ड्रोनवाल्याचा सूर्यास्त काही केल्या उरकेना, येताना पाणी मांड्यांपर्यंत. माझी गाडीची किल्ली, तीही रिमोटवाली, खाऱ्या पाण्याने कायमची गेली. तिचे साडेचार हजार कुणी भागिले पाच केले नाहीत.

आणि घारापुरी! पहाटेच्या बसने मुंबई, गेटवेवरून लाँच, तासभर हेलकावे, जेट्टीवर उतरून वर चढून गेलो तर लेणी बंद. सोमवार होता. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एवढा साधा तपास न करता सहल आखणाऱ्या माणसाला समुद्रात...

बरं. ती सहल मी आखली होती.

एक्सेल केलं होतं मी तिचं. भरतीच्या वेळा, लाँचच्या वेळा, 'लघुशंका: 7 मिनिटे' अशी वेगळी ओळ. फक्त वार बघायचा राहिला. त्या दिवशी चौघांपैकी एकानेही मला शब्दाने टोचलं नाही, हे आत्ता लिहिताना आठवतंय, आणि ते मला अजिबात आवडलेलं नाही. सीएने तर धक्क्यावर सगळ्यांना भाजलेली कणसं घेतली होती. त्याचे पैसे कुणी दिले, ह्याची नोंद माझ्याकडे नाही. त्याच्याकडे असणार.

पण म्हणून न प्यायलेल्या सरबताचे 37 रुपये? तत्त्वाचा प्रश्न आहे. दुपारभर मी ऑफिसच्या वेळेत उलटा हिशोब मांडला. तिकिटाच्या रांगेची पन्नास मिनिटं, ड्रोनच्या पेटीची हमाली, पायधुणीचं पाणी वजा, खाकरा (फोडला मीच होता, दोन खाल्ले) अधिक. निव्वळ येणं निघालं 11 रुपये. अकरा रुपयांसाठी क्यूआर कोड पाठवायला माझा अंगठा धजेना. त्याला सीएच व्हावं लागतं.

संध्याकाळी घरी येऊन आधी गाडीचा वास शोधायला घेतला. पायपुसण्या काढल्या, सीटखाली हात घातले, तिथे डॉक्टरीणबाईची एक चप्पल निघाली. ती घरी कशी गेली असेल? शेवटी डिकीत, स्टेपनीच्या खाचेत, दोन गाठी मारलेली पिशवी सापडली. सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी. चांगले पाव किलो, गुलाबीसर, निवडक. काल निघताना सीए मुरुडच्या बाजारात अर्धा तास घासाघीस करत होता तेच. सहाशेला घेतलेले, 'बायकोने मुद्दाम सांगितलेत' म्हणून. विसरला.

मी पिशवी हातात धरून पार्किंगमध्ये उभा राहिलो. फोन काढला. क्यूआर कोड स्कॅन केला आणि 37 रुपये पाठवले, पैसा न पैसा. लगेच त्याचा अंगठा आला, 'थँक्स रे, आता क्लिअर.'

वर आलो तर आईने पिशवी उघडून वास घेतला. "अगंबाई, सोडे! कुणी दिले रे?"

सीएचं नाव सांगितलं.

"गुणाचा आहे हो तो," म्हणाली आणि वांगी चिरायला घेतली.