खुलासा : ‘माती लोटली की आठ दिवसांत खत’ हे खरं नाही

पुण्यातल्या ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय : ‘गडावर मुक्कामी शौचाला कुठेही बसा, वर माती लोटा, आठ दिवसांत खत होतं.’ होत नाही. पुरलेल्या विष्ठेतले रोगजंतू वर्षभरही टिकू शकतात. शौचासाठी १५-२० सेंटिमीटर खोल खड्डा, पाण्यापासून ६० मीटर लांब, हा नियम बरोबर. पण तो खोल, भुसभुशीत मातीसाठी. राजगड-तोरण्याच्या माथ्यावर बऱ्याच जागी चार बोटं उकरलं की कातळ लागतो. लोटलेली माती पहिल्या वळवात वाहून जाते आणि खालची घाण उताराने थेट गडावरच्या पाण्याच्या टाक्यात. त्याच टाक्यातून आपण चहाला पाणी काढतो!

‘अमेरिकेत सरकारी जमिनीवर फुकट तंबू ठोका, कुणी विचारत नाही’ हे त्याच मजकुरातलं पुढचं वाक्य अर्धसत्य. तिथे बहुतेक ठिकाणी १४ दिवसांची मर्यादा असते. कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीवर तर स्वतःची विष्ठा पिशवीत भरून खाली आणावी लागते. घाणीपायी काही जागा मुक्कामाला बंदही झाल्यात.

आपणही दुहेरी पिशवीत गाठ मारून खाली आणू शकतो. किळस येत असेल तर मुक्काम पायथ्याच्या गावात करावा.