दाबा एंटर, व्हा पार

सोसायटीचं पत्र असो, कॉलेजचा अहवाल असो की पीएचडीचा प्रबंध, वर्ड उघडलंत की पहिलं पथ्य एकच पाळायचं. ‘डिफरंट फर्स्ट पेज’ नावाच्या चौकटीकडे चुकूनही बघायचं नाही. पानाच्या माथ्यावर दोनदा क्लिक केलं की ती वरच्या पट्टीत आपसूक हजर होते. तिच्यात टिक केली की पहिल्या पानाला ऐटदार लेटरहेड आणि बाकीच्या पानांना साधं नाव, अशी सोय होते. आता इतक्या पटकन काम उरकलं तर साहेब तुम्हाला मोकळं बसू देतील का? आणखी चार पत्रं टेबलावर येऊन पडतील.

त्यापेक्षा आपला एंटर बरा. छापील लेटरहेडवर पत्र काढायचंय? वरची जागा सोडायला एंटर दाबत सुटा. किती वेळा, हे मोजायचं नसतं, ते हाताला कळतं. प्रिंट काढल्यावर ‘जा.क्र.’ संस्थेच्या नोंदणी क्रमांकावर चढून बसलेला दिसला, तर आणखी दोन एंटर. तारीख उजवीकडे न्यायची तर स्पेसबार आहेच. दुसऱ्या पानावर संस्थेचं नाव हवं? मग तिथवर एंटर मारत जा आणि मजकुरातच नाव टाइप करा. पुढे साहेब ‘विषय’मध्ये एक ओळ वाढवतील आणि ते नाव एक ओळ घसरून पत्राच्या मजकुराखाली जाऊन बसेल. घाबरू नका. एक एंटर खोडा.

(लेटरहेड खरोखर हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या माथ्यावरच्या राखीव जागेत, टाकलं आणि त्याची उंची वरच्या समासापेक्षा जास्त झाली, तर वर्ड खालचा मजकूर स्वतःच खाली सरकवतो. एकाही एंटरची गरज पडत नाही. ही माहिती मनातच ठेवा.)

थोडा अनुभव गाठीशी आला की पांढऱ्या चौकोनाकडे वळा. पहिल्या पानावर हेडर नकोय ना? मग ‘इन्सर्ट’मधून एक चौकोन घ्या, पांढरा रंग भरा, कडेची रेघ काढून टाका आणि हेडरवर नेऊन ठेवा. स्क्रीनवर कुणाच्या बापाला कळणार नाही. मौज पुढे आहे. तो चौकोन कुठल्या तरी परिच्छेदाला नांगरलेला असतो. वर मजकूर वाढला आणि तो परिच्छेद पान दोनवर गेला, की चौकोनही त्याच्यामागे जातो आणि तिथलं हेडर झाकून टाकतो. पान एकवर मात्र हेडर दिमाखात झळकतं. कुणी तो परिच्छेद खोडला तर चौकोनही गायब होतो. मग ‘माझ्या कॉम्प्युटरवर तर बरोबर दिसत होतं’ हे वाक्य वापरायचं. ते पाठ असलेलं बरं.

तरीही कुणी उत्साही नवा कारकून ‘डिफरंट फर्स्ट पेज’ची टिक करेलच. करू द्या. टिक झाल्याबरोबर पहिल्या पानावरचं हेडर नाहीसं होईल, कारण पहिल्या पानाला आता स्वतःचं, कोरं हेडर मिळालेलं असतं. तिथे फक्त लेटरहेड टाकायचं बाकी असतं. पण तुम्ही मागून एवढंच म्हणा, ‘अरे, उडवलंस ना सगळं!’ तो घाईघाईने टिक काढेल, जुनं हेडर परत येईल आणि पोरगा पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. त्याला लिब्रेऑफिसची, म्हणजे वर्डसारख्याच एका फुकट सॉफ्टवेअरची, सवय असेल तर आणखी सोपं. तिथे सेटिंगमधल्या हेडरच्या टॅबवर ‘पहिल्या पानावरही तोच मजकूर’ अशी टिक आधीच असते आणि ती काढायची असते. इथे लावायची, तिथे काढायची, एवढ्यावर दोघांना अर्धा दिवस वाद घालता येतो.

खरी बहार अहवालात एक आडवं पान टाकल्यावर येते. मधे मोठा तक्ता असतो, म्हणून तुम्ही त्याच्या आधी एक आणि नंतर एक सेक्शन ब्रेक, म्हणजे फाइलचे वेगळे भाग पाडणारी खूण, देता. नव्या सेक्शनला आधीच्याचं सगळं वारशाने मिळतं, ती टिकसुद्धा. शिवाय आधीच्या सेक्शनचं हेडर पुढे चालवणारं ‘लिंक टू प्रीव्हियस’ चालूच असतं. त्यामुळे तक्त्याच्या पानावर लेटरहेड पुन्हा अवतरतं आणि तक्ता संपल्यावर तिसऱ्यांदा. त्या दोन सेक्शनची टिक काढली की भागतं, पण ते सांगण्याची घाई करू नका. संस्थेचं नाव तीनदा आलं म्हणून कुठल्याही अध्यक्षांनी आजवर तक्रार केलेली नाही.

कागदाचा आकार तर बघूच नये. कॉम्प्युटर अमेरिकन थाटात बसवलेला असेल, तर फाइल लेटर आकारात उघडते, म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच. आपला ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर. लेटर त्याच्याहून सुमारे सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड. झेरॉक्सवाला ‘फिट टू पेज’ करून सगळं बसवून देतो आणि तुम्ही मन लावून आखलेला दीड इंचाचा समास आता दीड इंच राहत नाही. पट्टी लावून बघणारा एखादा विद्यापीठातला क्लार्क सोडला तर कुणाला फरक पडतो?

आता समास. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रांसाठी ए-फोर कागद, दोन्ही बाजूंना छपाई, डावी-उजवीकडे चार-चार सेंटिमीटर आणि वर-खाली दोन-दोन सेंटिमीटर समास ठरवून दिला. दोन्हीकडे सारखाच समास असल्याने पान उलटलं तरी शिलाईची बाजू सुरक्षित राहते. इतकं समंजस असणं प्रबंधाला शोभत नाही. तिथे बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच सोडा आणि खुशाल पाठपोट छापा. सम क्रमांकाच्या पानांवर शिलाई उजवीकडे येते, हे विसरून जा. समोरासमोरच्या पानांचे समास आरशासारखे उलटे करणारं ‘मिरर मार्जिन्स’ निवडलं तर ही अडचण सुटते, म्हणून ते निवडू नका. फारच वाटलं तर शिवाय अर्धा इंच ‘गटर’ही, म्हणजे शिलाईसाठीची जादा जागा, द्या. तो दीड इंचात जिरत नाही, त्यात मिळवला जातो. म्हणजे पानाची एक बाजू दोन इंच मोकळी आणि दुसरीकडची अक्षरं थेट शिलाईत.

मग काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच प्रती. व्हायव्हाच्या दिवशी बहिःस्थ परीक्षक सम क्रमांकाच्या पानावरचा निष्कर्ष वाचण्यासाठी प्रबंध दोन्ही हातांनी ताणून धरतील, ओळीचं शेवटचं अक्षर दिसतंय का म्हणून मान वाकडी करतील आणि शेवटी कंटाळून विचारतील, ‘बरं, मार्गदर्शक कोण होते तुमचे?’ या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला नक्की येत असतं.